डिजिटल सही: किल्ली केवढी, हॅश कोणता?

दिल्लीत नेहरू प्लेसला किंवा लक्ष्मीनगरात डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र, काढायला गेलात, की विचारतात ते एवढंच: एक वर्षाची की दोन वर्षांची, फक्त सहीची की एन्क्रिप्शनसकट, यूएसबी टोकन आहे की नवं देऊ? किल्ली किती बिटांची आणि हॅश कोणता, हे ते विचारत नाहीत आणि आपणही विचारत नाही. प्रमाणपत्रापुरतं त्याने फारसं बिघडत नाही, कारण तो निर्णय लोदी रोडवर आधीच झालेला आहे. तिथल्या सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये, इलेक्ट्रॉनिक्स निकेतनात, कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज म्हणजे सीसीएचं कार्यालय आहे. देशातल्या सगळ्या परवानाधारक प्रमाणन संस्थांच्या वरचं मूळ प्रमाणपत्र त्यांचं. १ जानेवारी २०१२ पासून नव्या प्रमाणपत्रांना २०४८ बिटांची आरएसए किल्ली आणि एसएचए-२ घराण्यातला हॅश सीसीएने सक्तीचा केला. त्याआधी १०२४ बिट आणि एसएचए-१ चालत असे.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे काम संपलं, असं मात्र नाही. प्रत्यक्ष कागदावर सही करताना कोणता हॅश वापरायचा हे तुमचं सॉफ्टवेअर ठरवतं, आणि ते जुनं किंवा निष्काळजीपणे लिहिलेलं असेल तर २०१२ सालच्या त्या सक्तीवर पाणी पडतं. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम भागात टेंडर भरणारे, कंपन्यांची विवरणपत्रं दाखल करणारे सीए-सीएस आणि सहीचं सॉफ्टवेअर लिहिणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी सही होते कशी ते पाहू. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ३ मध्येच ते सांगितलं आहे: असममित किल्ल्यांची जोडी आणि हॅश फंक्शन, दोन्ही मिळून. तुमची पीडीएफ दोन पानांची असो की दोनशे, हॅश फंक्शन तिच्यातून ठरावीक लांबीचा एक आकडा काढतं. एसएचए-२५६ असेल तर २५६ बिट, म्हणजे ३२ बाइट. आरएसएची खासगी किल्ली चालते ती या आकड्यावर, अख्ख्या फाइलवर नाही. छोट्या आकड्यांत करून बघा. ६१ आणि ५३ या दोन मूळ संख्या घ्या, गुणाकार ३२३३. सार्वजनिक घातांक १७, खासगी घातांक २७५३. कागदाचा हॅश समजा २७९० आला. त्याचा २७५३ वा घात करून ३२३३ ने भागलं की बाकी उरते ६५. ही झाली सही. पडताळणारा ६५ चा १७ वा घात करतो, ३२३३ ने भागतो, बाकी २७९० येते. मग तो कागदाचा हॅश स्वतः काढतो आणि दोन आकडे जुळतात का बघतो. जुळले तर सही खरी.

खोटी सही करणाऱ्याला यात दोन वाटा आहेत. एक, ३२३३ चे अवयव पाडायचे. ते जमलं की खासगी घातांक हाती येतो. दुसरी, किल्लीला हातही न लावता असा दुसरा कागद शोधायचा ज्याचा हॅशही २७९० च येतो. मग तुमची जुनी सही त्या कागदालाही तंतोतंत बसते. पहिली वाट किल्लीच्या लांबीने अडते, दुसरी हॅशच्या ताकदीने. म्हणून सहीची ताकद ही या दोहोंमध्ये जे कच्चं असेल त्याच्याएवढीच. ४०९६ बिटांची किल्ली घेऊन एसएचए-१ वापरला, तर तो जास्तीचा खर्च वाया गेला.

हॅशची वाट आधी बघू, कारण प्रत्यक्षात तीच आधी फुटली. एकच हॅश देणारे दोन अभिलेख शोधणं संगणकालाही अशक्य कोटीतलं असलं पाहिजे, ही अट कायद्याच्या कलम ३ च्या स्पष्टीकरणातच लिहिलेली आहे. एमडी-५ या कसोटीवर २००४ सालीच नापास झाला. डिसेंबर २००८ मध्ये संशोधकांनी सुमारे २०० प्लेस्टेशन-३ जोडून एमडी-५ च्या जोरावर चक्क एका प्रमाणन संस्थेचं बनावट प्रमाणपत्र तयार करून दाखवलं. एसएचए-१ ची पाळी २३ फेब्रुवारी २०१७ रोजी आली. ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी दोन पीडीएफ जाहीर केल्या: डोळ्यांना वेगळ्या दिसणाऱ्या, एकीची पार्श्वभूमी निळी, दुसरीची लाल, आणि दोघींचा एसएचए-१ एकच. त्यासाठी एका प्रोसेसरवर साडेसहा हजार वर्षं आणि एका ग्राफिक्स कार्डावर एकशे दहा वर्षं चालेल इतकं गणित लागलं. मोठ्या कंपनीला तेव्हाही परवडणारं होतं, आणि नंतरच्या वर्षांत हा खर्च खूपच खाली आला.

याचा व्यवहारातला अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. तुम्ही २०१० साली एसएचए-१ ने सही केलेला स्वतःचा कागद आज कोणी बदलू शकेल, असा याचा अर्थ नाही. दुसऱ्याने आधीच तयार केलेल्या कागदाच्या हॅशशी जुळणारा नवा कागद काढणं अजून कोणाला जमलेलं नाही. जमतं ते दोन्ही कागद स्वतः, एकत्र, आधीपासून जुळवून तयार करणं. म्हणजे धोका आहे तो समोरच्याने बनवून पाठवलेल्या मसुद्यावर तुम्ही सही करता तेव्हा. करारनामा, पुरवठ्याची ऑर्डर, भागीदारीचा दस्त समोरच्या वकिलाकडून पीडीएफमध्ये येतो आणि आपण टोकन लावून मोकळे होतो. तिथे तुमच्या सॉफ्टवेअरने एसएचए-१ वापरला, तर त्याच सहीचा दुसरा, वेगळ्या अटींचा कागद समोरच्याच्या कपाटात असू शकतो. एसएचए-२५६ वर असं काही कोणालाही जमलेलं नाही, जमण्याच्या जवळपासही कोणी नाही.

आता किल्ली. ५१२ बिटांच्या आरएसए संख्येचे अवयव १९९९ सालीच पाडले गेले. २००९ मध्ये ७६८ बिट, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ८२९ बिटांची, २५० आकडी संख्या फुटली. त्याला एका प्रोसेसर कोअरची सुमारे २,७०० वर्षं भरतील इतकं काम लागलं. १०२४ बिटांची संख्या फुटल्याचं जाहीर झालेलं नाही, पण ८२९ कुठवर आलं आहे ते पाहता तिच्यावर विसंबायचे दिवस गेले. २०४८ बिटांची संख्या ६१७ आकडी असते, आणि आजच्या कुठल्याही ज्ञात पद्धतीने ती आवाक्याबाहेर आहे.

किल्लीची लांबी आणि हॅशची लांबी यांची सरळ तुलना करू नका. २०४८ हे २५६ च्या आठपट दिसतं म्हणून ते आठपट मजबूत नव्हे. अमेरिकेची मानक संस्था निस्ट या दोघांना एकाच मापाने, फोडायला किती बिटांची मेहनत लागते त्याने, मोजते. त्या मापात १०२४ बिटांची आरएसए ८० भरते, २०४८ ची ११२, ३०७२ ची १२८. टक्करींच्या, म्हणजे दोन कागदांचा हॅश एकच निघण्याच्या, बाबतीत हॅशची ताकद लांबीच्या निम्मी धरतात, म्हणून एसएचए-२५६ भरतो १२८. एसएचए-१ कागदावर ८०, प्रत्यक्षात ६३ च्याही खाली. यातून निघणारा माझा सल्ला साधा आहे. २०४८ च्या किल्लीबरोबर एसएचए-२५६ वापरा, तो किल्लीपेक्षा किंचित मजबूतच आहे. तिच्याबरोबर एसएचए-५१२ वापरून सही अधिक पक्की होत नाही, कारण कच्चा दुवा किल्लीच राहते. ताकद वाढवायचीच असेल तर किल्ली ३०७२ ची घ्या. एसएचए-२५६ शी तिची जोडी बरोबर जमते.

हॅश आणि किल्ली यांचा आणखी एक संबंध आहे, आणि सहीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना तो कधी ना कधी भेटतोच. हॅश किल्लीच्या मापाच्या चौकटीत बसवावा लागतो. जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या पीकेसीएस-१ आवृत्ती १.५ च्या पद्धतीत हॅशच्या पुढे १९ बाइटचं नाव-गाव लागतं आणि वर किमान ११ बाइटचं भरताड. एसएचए-५१२ चे ६४ बाइट धरून बेरीज होते ९४ बाइट, म्हणजे ७५२ बिट. त्यामुळे चाचणीसाठी कोणी ५१२ बिटांची किल्ली तयार केली आणि एसएचए-५१२ लावला, तर सही होतच नाही, किल्ली लहान असल्याची तक्रार येते. नव्या पीएसएस पद्धतीत सॉल्टही, म्हणजे दर सहीला नव्याने घेतलेले यादृच्छिक बाइटही, आत बसवायचा असतो. ६४ बाइटचा हॅश, ६४ बाइटचा सॉल्ट आणि वर दोन, असे १३० बाइट होतात, आणि १०२४ बिटांची किल्ली १२८ बाइटचीच असते. दोन बाइटसाठी सगळं अडतं. असं अडलं की सॉल्ट कमी करण्याच्या किंवा हॅश बदलण्याच्या मागे लागू नका. किल्ली मोठी करा.

सहीचा आकार हॅशवर अवलंबून नसतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. २०४८ बिटांच्या किल्लीची सही २५६ बाइटचीच होते, हॅश एसएचए-२५६ असो की एसएचए-५१२. ४०९६ ची ५१२ बाइट. पीडीएफमध्ये हा फरक कोणाला कळणारही नाही. कळतो तो क्यूआर कोडात, आणि आपल्या देशात सही केलेले क्यूआर कोड घरोघरी पोचलेत. आधारचा सुरक्षित क्यूआर घ्या. आधारचं, म्हणजे यूआयडीएआयचं मुख्यालयही दिल्लीतच, गोल मार्केटजवळ बंगला साहिब रोडवर. त्या कोडात नाव, पत्ता, फोटो असा मजकूर असतो आणि शेवटचे २५६ बाइट म्हणजे यूआयडीएआयची सही, एसएचए-२५६ आणि आरएसए २०४८ ची. किल्ली ४०९६ ची असती तर तेवढ्याशा चौकोनात आणखी २५६ बाइट कोंबावे लागले असते; ठिपके अधिक बारीक, आणि साध्या मोबाइलला वाचायला अधिक कठीण. (जाता जाता एक सांगून ठेवतो: नोएडात फ्लॅट भाड्याने देताना भाडेकरूच्या आधारची झेरॉक्स घेऊन समाधान मानू नका. यूआयडीएआयच्या अधिकृत ॲपने कोड स्कॅन करा. सही तिथेच तपासली जाते; साध्या क्यूआर ॲपमध्ये नुसता लांबलचक आकडा दिसतो.)

जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसवरचा कोडही असाच. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना ई-इन्व्हॉइस लागू आहे, त्यामुळे हा कोड रोज असंख्य बिलांवर छापला जातो. त्यात मजकुराबरोबर नोंदणी पोर्टलची आरएस२५६ पद्धतीची सही असते, म्हणजे पुन्हा आरएसए आणि एसएचए-२५६. २५६ बाइटची सही अक्षरांत लिहिली की ३४२ अक्षरं होतात. बिलाच्या कोपऱ्यात तो कोड लहान करून छापला तर स्कॅन होत नाही, त्याचं एक कारण हे. बिलाचा नमुना आखताना त्याला ऐसपैस जागा द्या.

वेळेचं गणितही असंच विभागलेलं आहे. फाइल मोठी असेल तर वेळ हॅश काढण्यात जातो, आणि तो आजच्या कुठल्याही लॅपटॉपवर नगण्य असतो. आरएसएच्या पायरीला फाइलच्या आकाराशी देणंघेणं नाही, तिला फरक पडतो किल्लीचा: लांबी दुप्पट केली की सही करायला सुमारे सहा-सात पट वेळ, पडताळायला चौपट. पडताळणी मुळातच स्वस्त असते, कारण सार्वजनिक घातांक लहान, बहुधा ६५५३७. वर्षाकाठी पाचपन्नास सह्या करणाऱ्याने याची चिंता करू नये. हजारो कर्मचाऱ्यांचे फॉर्म १६ एका झटक्यात सही करणाऱ्या गुरुग्रामच्या कंपनीने मात्र करावी. यूएसबी टोकनच्या चिपला ते काम झेपत नाही, तिथे एचएसएम, म्हणजे किल्ल्या सांभाळून सह्या करणारं खास यंत्र, घ्यावं.

आता तुमच्या सहीत काय आहे ते कसं बघायचं? इथे गफलत होते. विंडोजमध्ये प्रमाणपत्र उघडून ‘डिटेल्स’ टॅबवर गेलात की ‘सिग्नेचर अल्गोरिदम’पुढे एसएचए-२५६ आरएसए आणि ‘पब्लिक की’पुढे आरएसए २०४८ बिट दिसतं. दुसरी ओळ तुमच्या किल्लीची आहे. पहिली मात्र तुमच्या सहीची नाही. प्रमाणन संस्थेने तुमच्या प्रमाणपत्रावर सही कशी केली, ते ती सांगते. तुम्ही कागदावर कोणत्या हॅशने सही केली ते बघायला सही केलेली पीडीएफ ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, सहीवर क्लिक करून ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’मध्ये जा आणि तिथून ‘ॲडव्हान्स्ड प्रॉपर्टीज’ उघडा. ‘हॅश अल्गोरिदम’पुढे एसएचए-२५६ पाहिजे. एसएचए-१ दिसला तर सॉफ्टवेअर बदला किंवा विक्रेत्याला लेखी विचारा. विंडोजमधल्या त्या ‘डिटेल्स’ टॅबवर शेवटी ‘थंबप्रिंट’ दिसतो, तो एसएचए-१ चाच असतो. त्याने घाबरू नका, तो विंडोजने ओळख पटवण्यासाठी काढलेला ठसा आहे, सहीचा भाग नाही.

घरचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी एक जागा जरूर तपासावी. डॉटनेटच्या जुन्या कोडमध्ये एसएचए-२५६ मागितला की ‘इनव्हॅलिड अल्गोरिदम स्पेसिफाइड’ अशी चूक येते. कारण किल्ली ज्या क्रिप्टोग्राफिक प्रोव्हायडरमधून उघडली तो जुना आहे आणि त्याला एसएचए-२ येत नाही. घाईत कोणी तिथे एसएचए-१ लिहून चूक घालवतो, पोर्टल ती सही घेतंही, आणि ते तसंच वर्षानुवर्षं चालू राहतं. खरा उपाय प्रोव्हायडर बदलण्याचा आहे: ‘एन्हान्स्ड आरएसए अँड एईएस’ नावाचा घ्या, किंवा नव्या सीएनजी पद्धतीवर जा.

कोर्टकचेरीतही हा विषय आता उघडपणे आला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं, त्याच्या छापील नमुन्यात हॅशचा आकडा लिहायला जागा आहे आणि पुढे चौकटी आहेत: एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५, इतर. चारही चौकटी कायद्याने दिल्या आहेत म्हणून चारही सारख्याच, असं समजू नका. एसएचए-२५६ वर खूण करा. एमडी-५ वर खूण केलीत तर विरुद्ध पक्षाच्या वकिलाला उलटतपासणीचा मुद्दा तुम्हीच हातात दिलात.

पुढच्या काळाचं काय? निस्टच्या नोव्हेंबर २०२४ च्या मसुद्यानुसार ११२ च्या मापाची आरएसए, म्हणजे आपली २०४८, २०३० नंतर टाळावी आणि २०३५ नंतर आरएसए कोणत्याच लांबीची वापरू नये, कारण क्वांटम संगणकापुढे लांबी वाढवून निभाव लागत नाही. त्यासाठीच्या नव्या सही-पद्धतींची मानकं ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. दोन-तीन वर्षांच्या डीएससीला याने आज काही फरक पडत नाही. पण पंधरा-वीस वर्षं टिकायला हवेत असे दस्त, जमिनीचे करार, पेटंटचे कागद आज सही करणार असाल, तर सहीसोबत मान्यताप्राप्त टाइमस्टँप घ्या, आणि काही वर्षांनी त्यावर त्या काळच्या मजबूत पद्धतीने नवा टाइमस्टँप चढवा. प्रमाणपत्राची मुदत संपली तरी सही त्या तारखेला वैध होती हे दाखवता येतं. मूळ फाइल जपा. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची प्रिंट काढली की त्या प्रिंटमध्ये सहीचं चित्र उरतं, सही उरत नाही.

लांबी आणि हॅश दोन्ही चोख असूनही सही फसू शकते, हे दोन घटनांनी दाखवलं आहे. २०१७ मध्ये इन्फिनिऑनच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरचा दोष उघड झाला: किल्ल्या २०४८ बिटांच्याच, पण त्यांच्या मूळ संख्या ठरावीक साच्यातून निवडल्या जात, त्यामुळे अवयव पाडणं आवाक्यात आलं. एस्टोनियाला सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांची प्रमाणपत्रं स्थगित करावी लागली. त्याआधी, जुलै २०१४ मध्ये, सीजीओ कॉम्प्लेक्समधल्याच एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या प्रमाणन व्यवस्थेतून गूगलच्या डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. गणित कोणी फोडलं नव्हतं, प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेत घुसखोरी झाली होती. सीसीएने एनआयसीची मधल्या पातळीवरची प्रमाणपत्रं रद्द केली आणि क्रोमने सीसीएच्या मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास मोजक्या डोमेनपुरता आवळला.

आपल्या पातळीवर ही प्रक्रिया म्हणजे टोकन आणि त्याचा पिन. खासगी किल्लीवर ताबा ठेवण्याची जबाबदारी कायद्याच्या कलम ४२ ने प्रमाणपत्रधारकावरच टाकली आहे, आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली तर प्रमाणन संस्थेला विनाविलंब कळवण्याचीही. तरीही अनेक संचालकांची टोकनं त्यांच्या सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये, नावाची चिठ्ठी लावून पडलेली असतात, आणि बऱ्याच टोकनांचा पिन कारखान्यातून आलेला १२३४५६७८ हाच राहतो. तुमचं टोकन दुसऱ्याकडे असेल तर ते परत मागून घ्या, पिन बदला, आणि पुढची सही करायच्या आधी मागच्या पीडीएफमधला हॅश एकदा उघडून बघा.